लहान मूल आणि लोकसंग्रह

बागा, प्राणिसंग्रहालये, तलावांचे काठ, जत्रा अशा ज्या ज्या ठिकाणी चार घरची माणसे मुलाबाळांसह एकत्र जमतात, तेथे एक वाक्य आपल्या कानांवर हटकून पडते. ‘लहान आहे हो, चालायचेच!’ कोणा मुलाने फुले ओरबाडली, कोणी रांग मोडून पुढे घुसले, कोणी परक्याच्या अंगावर पाणी उडविले, की त्याचे आईबाप हे वाक्य उच्चारतात, ऐकणारा कसनुसे हसतो, आणि प्रकरण तेथेच मिटते. वाक्य प्रेमळ आहे आणि पुष्कळ अंशी खरेही आहे. तथापि ते उच्चारण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न गेले वर्षभर माझ्या मनातून जात नाही. वाचकबंधुभगिनींपैकी बहुतेक जण गृहस्थाश्रमी असल्यामुळे तो त्यांच्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रश्न सुचला तो चंदीगड येथे. माझी कन्या व जावई नोकरीनिमित्त त्या शहरी राहतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवस मी त्यांच्याकडे होतो. एका रविवारी सहा वर्षांच्या नातवाला घेऊन मी तेथील सुप्रसिद्ध रॉक गार्डन पाहावयास गेलो. ज्यांनी हे स्थान पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. नेकचंद सैनी नावाचे एक गृहस्थ फाळणीनंतर आपले गाव सोडून इकडे आले आणि सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक म्हणून नोकरीस लागले. नवे शहर वसविण्यासाठी जी जुनी खेडी उठविली गेली, त्यांच्या मोडतोडीतून फुटक्या बांगड्या, कपबशांच्या खापऱ्या, मोडकी भांडी असा टाकून दिलेला माल ते सायकलवरून गोळा करीत. 1957 च्या सुमारास त्यांनी शहराच्या कडेच्या रानात एकांती या मालातून माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या आकृती उभारावयास प्रारंभ केला, आणि सुमारे अठरा वर्षे सरकारला त्याचा पत्ता नव्हता. 1976 मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. पुढे 1984 मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली आणि 2015 मध्ये ते निवर्तले. आत शिरताना एक गोष्ट प्रथम जाणवते ती म्हणजे तेथील बुटकी दारे. आत जाणाऱ्याने वाकून जावे म्हणून नेकचंदांनी ती मुद्दाम तशी ठेवली, असे सांगतात. माझा नातू त्या दारांतून ताठ मानेने पळत गेला, आणि मला मात्र प्रत्येक दारात मान खाली घालावी लागली.

उद्यानाच्या तिसऱ्या भागात उंच कमानींची रांग असून त्यांत साखळ्यांचे झोपाळे सोडलेले आहेत. मुलांचे राहो, पिकल्या केसांची माणसेही तेथे लाज सोडून झोके घेताना दिसतात. रविवार असल्याने गर्दी दाट होती. बऱ्याच वेळाने आम्हास एक झोपाळा मिळाला. मी नातवाला झोके देऊ लागलो. थोड्या वेळाने ध्यानात आले की आठएक वर्षांची एक मुलगी आपल्या आजीचा हात धरून आमच्या झोपाळ्यापाशी उभी आहे. नातवाला उतरावयाचे नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर मलाही त्याला उतरवावयाचे नव्हते. वर्षातून पंधरा दिवस भेटणारा नातू, त्याचे ते खिदळणे, त्यात खंड पाडण्याचा कठोरपणा कोणत्या आजोबाकडून होईल? मुलगी एक पाऊल पुढे आली, तेव्हा मी माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणालो, ‘बेटी, थोडा रुको, ये छोटा है.’ तिची आजी हसून म्हणाली, ‘कोई गल्ल नहीं जी, बच्चा ऐ.’ ते शब्द मी परवान्यासारखे खिशात घातले आणि झोके देत राहिलो. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मान वळवून पाहिले तेव्हा त्या दोघी निघून गेल्या होत्या.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती आणि मीही ती विसरून गेलो असतो. परंतु त्याच सायंकाळी शेजारच्या घरची एक मुलगी आपली तीनचाकी सायकल घेऊन खेळावयास आली. नातवाने सायकल बळकावली ती सोडीना. कन्या रागावली तेव्हा तो निर्धास्तपणे म्हणाला, ‘आई, मी लहान आहे ना! आजोबांनीच सांगितलंय.’ जावईबापूंना हसू आवरेना. मला मात्र हसू आले नाही.

आता ‘लहान आहे’ या वाक्याला शास्त्राधार नाही असे कोणी समजू नये. तो महाभारतातच आहे. आदिपर्वातील मांडव्य ऋषींची कथा वाचकांस ठाऊक असेल. मौन धरून तप करीत असलेल्या या ऋषीच्या आश्रमात चोरांनी चोरीचा माल लपविला, आणि राजाने ऋषीलाच चोरांचा साथीदार समजून शुळावर चढविले. पुढे चूक उमगून त्यांची सुटका झाली, पण शुळाचे टोक शरीरात राहिले ते राहिलेच. त्यांनी धर्मराजाकडे जाऊन विचारले, की कोणत्या पापाचे हे फळ? धर्माने सांगितले, की बालपणी तुम्ही पतंगांच्या शेपटीत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा, म्हणून ऋषी संतापले. त्यांनी धर्माला शाप दिला की तू दासीच्या पोटी मनुष्यजन्म घेशील, आणि लोकांसाठी अशी मर्यादा घालून दिली की चौदा वर्षे वयापर्यंत केलेले कृत्य पातक म्हणून गणले जाणार नाही. तोच धर्म विदुर होऊन जन्मास आला.

आमच्या पूर्वजांची ही दृष्टी किती उदार आहे! बालकाला त्यांनी पापपुण्याच्या हिशेबातून मोकळे केले, आणि ते योग्यच झाले. परंतु या कथेत एक गोष्ट सांगितलेली नाही, तिच्याकडे आपण लक्ष दिले पाहिजे. पतंगाचे काय झाले? मुलाच्या नावावरील पातक पुसले गेल्याने त्या जिवाची वेदना पुसली गेली नाही. काडी खुपसली ती खुपसलीच. मूल निर्दोष ठरले तरी दुसऱ्याच्या वाट्याला आलेला त्रास शिल्लक उरतो आणि तो कोणाच्या तरी नावावर मांडावाच लागतो. माझ्या मते तो पालकाच्या नावावर जातो. व्यवहारातली भाषा वापरायची तर मूल हे अज्ञान कूळ आहे आणि आईबाप किंवा आजीआजोबा हे त्याचे जामीन आहेत. कुळाकडून वसुली होत नाही म्हणून ऋण बुडाले असे म्हणणारा जामीन प्रामाणिक नव्हे. झोपाळ्यापाशी मी नेमके तेच केले. नातवाच्या अज्ञानपणाची ढाल मी स्वतःसाठी वापरली. त्या मुलीची पाळी नातवाने अडविली नव्हती, ती मी अडविली होती.

शापाने विदुर झालेल्या धर्माच्या वाट्याला पुढे काय आले, हेही पाहण्याजोगे आहे. आपल्या मुलाला एकदाही ठामपणे ‘नको’ म्हणू न शकलेल्या बापाला जन्मभर उपदेश करण्याचे काम त्याच्या कपाळी आले. धृतराष्ट्र दुष्ट होता असे व्यासांनी रंगविलेले नाही. त्याला योग्य काय ते कळत असे, विदुराचे बोलणे पटतही असे. पण मुलाचे तोंड उतरलेले त्याला पाहवत नसे. गीतेचा प्रारंभ याच बापाच्या प्रश्नाने होतो, आणि त्या पहिल्याच श्लोकात तो आपल्या मुलांना ‘मामकाः’, म्हणजे माझे, असे म्हणतो आणि भावाच्या मुलांना निराळे काढतो. टीकाकारांनी या एका शब्दावर पुष्कळ लिहिले आहे. मला त्यात भर घालावयाची नाही. एवढेच म्हणावयाचे आहे, की कुरुक्षेत्रापर्यंत जाण्याची गरज नाही. माझे मूल झोपाळ्यावर आणि परक्याचे मूल खाली उभे, एवढ्या सामग्रीवर तो शब्द आपल्या तोंडून सहज निघतो. (चंदीगडहून कुरुक्षेत्र सुमारे शंभर किलोमीटरच आहे, हे मला त्या वेळी उगाच आठवले होते.)

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी लोकसंग्रहाचा विषय काढला आहे व श्रेष्ठ पुरुष जसे वागतो तसे इतर लोक वागतात असे सांगितले आहे. ‘श्रेष्ठ’ म्हटले की आपल्यापुढे राजे, पुढारी, आचार्य उभे राहतात आणि हा श्लोक आपल्यासाठी नाही असे वाटून आपण पुढे जातो. परंतु ज्ञानेश्वर महाराजांनी त्या श्लोकावर लिहिताना ‘वडील’ हा शब्द योजिला आहे. त्यांच्या काळी त्याचा अर्थ ज्येष्ठ, थोर असा व्यापक होता. आज आपण घरात तो शब्द बापासाठी वापरतो. शब्दाचा अर्थ असा आकसत आपल्या उंबरठ्याच्या आत आला हे एका परीने बरेच झाले. मुलाच्या दृष्टीने जगातला पहिला श्रेष्ठ पुरुष तोच. आणि वडील करतात त्याला मूल नुसते अनुकरणीय समजत नाही, तर धर्मच समजते. माझ्या नातवाने सायकल दाबून धरली तेव्हा आपण काही गैर करीत आहोत असे त्याच्या मनातही नव्हते. त्याच्यापाशी आजोबांचे प्रमाण होते.

येथे कोणी म्हणेल, की त्या पंजाबी आजीने स्वतःच ‘काही हरकत नाही’ म्हटले होते, मग दोष तो कोणता? या शंकेचे उत्तर मला बाराव्या अध्यायात सापडले. भगवंतांना प्रिय असलेल्या भक्ताचे लक्षण तेथे दोन बाजूंनी सांगितले आहे: ज्याच्यापासून लोकांना उद्वेग होत नाही तो, आणि जो लोकांपासून उद्वेग पावत नाही तो. दोन्ही अर्धी एकाच माणसाने आचरावयाची आहेत. आपण मात्र त्यांची सोयीस्कर वाटणी करून टाकली आहे. आपले मूल किंचाळत असते तेव्हा आपण शेजाऱ्याकडून उत्तरार्धाची अपेक्षा करतो, की सुज्ञ माणसाने इतके त्रासून जाऊ नये; आणि शेजाऱ्याचे मूल किंचाळू लागले की पूर्वार्ध आठवतो, की लोकांना उपद्रव होणार नाही असे वागावयास यांना कोणी शिकविले नाही काय! त्या आजीने आपल्या वाट्याचा उत्तरार्ध हसतमुखाने पाळला. ‘कोई गल्ल नहीं’ हे तिने दिलेले दान होते. दान देणाऱ्याने आपखुशीने द्यावयाचे असते. घेणाऱ्याने ते गृहीत धरले, किंबहुना देण्यापूर्वीच उचलले, तर त्याला दुसरे नाव आहे. ‘लहान आहे, चालायचेच’ हे वाक्य ज्याला त्रास झाला त्याच्या तोंडी शोभते. ज्याच्या मुलाने त्रास दिला त्याच्या तोंडी तेच वाक्य गेले की त्याचा अर्थ अगदी उलटा होतो.

परक्या माणसाच्या बाबतीत तर हे अधिकच जपावे लागते. घरात एखाद्यावर अन्याय झाला तर उद्या भरपाई करता येते. भावाच्या मुलाला आज खाऊ कमी मिळाला तर परवा जास्त देता येतो. त्या मुलीला मी कोठे शोधणार? सार्वजनिक ठिकाणी भेटणारी माणसे पाच मिनिटांसाठी आपल्या आयुष्यात येतात आणि कायमची नाहीशी होतात. त्यांच्याशी सौजन्याने वागलो तर त्याची परतफेड मिळण्याचा संभव नाही, आणि दुर्वर्तन केले तर परिमार्जनाचीही सोय नाही. निष्काम कर्म म्हणजे काय, ते संसारी माणसाला कसे साधावे, अशी पृच्छा करणारी मंडळी नेहमी भेटतात. फळाची आशा करावयास जागाच नसलेले कर्म हवे असेल तर अनोळखी माणसासाठी झोपाळा सोडून पाहावा.

यावर उपाय म्हणून मुलांना धाकात ठेवावे असे मी सुचवीत आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. तसेही एक दृश्य मी चंदीगडातच पाहिले. रॉक गार्डनपासून जवळच सुखना नावाचा मोठा तलाव आहे. शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारा ओढा अडवून तो 1958 मध्ये तयार करण्यात आला. वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए आणि मुख्य अभियंते पी. एल. वर्मा यांची ती निर्मिती. तलावात यांत्रिक नौका चालवू नयेत आणि बांधावरून वाहने जाऊ देऊ नयेत, असा कॉर्ब्युझिए यांचा आग्रह होता. शहराच्या धकाधकीतून सुटून नागरिकांना शांततेत निसर्गाचा आनंद घेता यावा म्हणून हा तलाव त्यांना अर्पण केला आहे, अशा आशयाचा लेखही काठावर कोरलेला आहे. त्या शांततेचे आज काय होते ते मी विस्ताराने सांगत नाही. प्रत्येक दुसऱ्या बाकावर कोणाच्या तरी मोबाईलमधून गाणे वाजत असते, आणि ते वाजविणारा बहुधा लहान मुलगा नसतो.

तर तेथे एका सकाळी एक लहानगा बदकांच्या दिशेने खडे फेकीत होता. लोक पाहू लागले तशी त्याच्या आईने त्याला जवळ ओढून एक चापट दिली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याची हजेरी घेतली. मूल हमसून रडू लागले. बघ्यांनी माना डोलावल्या. परंतु त्या चापटीचा बदकांशी काही संबंध नव्हता. लोकांत गेलेली आपली पत ती माउली मुलाच्या गालावरून वसूल करीत होती. लोकांसमोर मुलाचा मान राखणे हाही सौजन्याचाच भाग आहे, कारण मूल हाही ‘लोकां’पैकीच एक आहे. मी त्या बाईंना दोष देत नाही. माझ्या तरुणपणी माझ्याही हातून असे घडलेले आहे.

त्याच बांधावर दोन दिवसांनी जे पाहिले ते मात्र लक्षात राहण्यासारखे होते. एक वृद्ध सरदारजी नातवाला घेऊन चालले होते. नातवाच्या हातातील आइसक्रीम धावण्याच्या भरात समोरून येणाऱ्या एका तरुणीच्या ओढणीवर सांडले. मुलगा भेदरून आजोबांच्या मागे लपला. सरदारजींनी त्याला पुढे ढकलले नाही की ‘माफी माग’ म्हणून दटावले नाही. त्यांनी स्वतः हात जोडले, ‘माफ करना बेटा’ म्हणाले, खिशातील रुमाल पुढे केला, आणि खाली वाकून जमिनीवर पडलेला कोन व कागद उचलून कचऱ्याच्या पेटीत टाकून आले. ती तरुणी ओशाळून ‘काही नाही, काही नाही’ म्हणत राहिली. मुलगा हे सारे डोळे विस्फारून पाहत होता. पुढे चालू लागल्यावर सरदारजींनी त्याला काही सांगितले असेल तर ते मला ऐकू आले नाही. जामीन म्हणून ऋण कसे फेडावे हे मी त्या दिवशी पाहिले.

आणखी एक आक्षेप राहतो, आणि तो मला स्वतःलाच पटण्यासारखा वाटला होता. मुलांना पावलोपावली रांग, नियम, शांतता शिकवीत बसलो तर त्यांच्यातील उत्साह मरून जाणार नाही काय? ज्या उद्यानात मी हा विचार करीत होतो ते उद्यानच नियम मोडून उभे राहिले होते! नेकचंदांनी ज्या जागेवर ते रचले तेथे काहीही बांधण्यास मनाई होती. 1975 मध्ये सरकारला पत्ता लागला तेव्हा नियमाप्रमाणे ते जमीनदोस्तच व्हावयाचे. अधिकाऱ्यांनी सुज्ञपणा दाखविला म्हणून ते वाचले. तेव्हा नियमपालन म्हणजेच सदाचार, हे समीकरण येथे चालत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण नेकचंदांनी कोणाचे काय घेतले होते? लोकांनी टाकून दिलेले. कोणाची पाळी अडविली? कोणाचीही नाही. रान होते, रात्री होत्या आणि फुटक्या बांगड्या होत्या. उलट 1996 मध्ये ते परदेशी गेले असता त्यांच्या उद्यानाची राखण ढिली पडली आणि लोकांनी मूर्तींची मोडतोड केली. या दोन नियमभंगांत जो फरक आहे, तो मुलांना समजावयास कठीण नाही. धावू द्यावे, हसू द्यावे, हात लावण्यासारखे असेल त्याला हातही लावू द्यावा. आपल्या आनंदाची किंमत शेजारी उभा असलेला कोणी देत नाही ना, एवढेच त्यांना पाहावयास शिकविले, तर उत्साह मरण्याचे कारण दिसत नाही.

परत निघण्याच्या आदल्या दिवशी नातवाने पुन्हा झोपाळ्याचा हट्ट धरला. या वेळी बुटक्या दारांतून जाताना मी त्याला सगळी गोष्ट सांगितली: ती मुलगी, तिची आजी, आणि माझे चुकले ते. आजोबांचे चुकते ही बातमी त्याला फार रंजक वाटली. आम्ही ठरविले की झोपाळ्यापाशी कोणी उभे असेल तर वीस झोके घ्यावयाचे आणि उतरावयाचे. झोपाळा मिळाला; थोड्याच वेळात एक गृहस्थ मुलाला घेऊन मागे येऊन थांबले. नातू मोठ्याने मोजू लागला. पंधरापर्यंत आकडे भराभर गेले. पुढे मात्र ते लांबत चालले; अठरानंतर साडेअठरा आले, मग पावणेएकोणीस. ते गृहस्थ हसू लागले व म्हणाले, ‘रहने दीजिए अंकल जी, झूलने दो, बच्चा है.’ नातवाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी साखळी धरली आणि म्हणालो, ‘नहीं जी, बीस हो गए.’